आधी मान बघा, मग रंग

नमस्कार, श्रोतेहो.

बारावीची परीक्षा संपली की लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं मला हमखास विचारतात, "सर, ऑनलाइन लिलावात एक इलेक्ट्रिक गिटार दिसतेय. वापरलेली आहे. घ्यावी का?" माझं म्हणणं, जरूर घ्यावी. नव्या पण हलक्या मालापेक्षा चांगल्या बनावटीची जुनी गिटार कधीही बरी. दोनच गोष्टी सांभाळा. आधी मान बघा, मग रंग. आणि आपला आकडा बोली सुरू व्हायच्या आधी ठरवा.

इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुतेक वेळा भरीव लाकडाचं असतं. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि आवाज होतो. त्यामुळे अंगावर ओरखडा असला, रंग उडाला असला, तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते मानेमुळं, म्हणजे ज्या लांब दांड्यावर बोटांनी तारा दाबतात त्यामुळं.

आता आमच्या मामांची गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण ऐका.

मामा उदगीर तालुक्यातले. हंडरगुळीचा जनावरांचा बाजार त्यांनी कधी चुकवला नाही. देवणी जातीचा बैल लांबून बघितला तरी पारख सांगणार. गिटार मात्र त्यांनी जन्मात हातात धरलेली नव्हती. नातू गिटारसाठी हटून बसला म्हणून मला बोलावणं आलं. ओसरीवर बसलो, मोबाइल मधे ठेवला. गोव्याच्या एका माणसानं गिटार लिलावात ठेवली होती. घाट स्ट्रॅटोकास्टरचा. फेंडर कंपनीनं हा घाट १९५४ मध्ये आणला, आणि त्यावरून बेतलेल्या गिटारी आजही जगभर निघतात. रंग मधे पिवळा, कडेला काळा होत गेलेला. पोरगं त्या रंगावरच भाळलं होतं. फोटो पाच, पाचही समोरून.

मामांनी चष्मा चढवला, एकेक फोटो बघितला आणि म्हणाले, "समद्या फोटूत तोंडच दावलंय की रं. दात कुठं हैत ह्येचे?"

मी सांगितलं, मामा, मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात. तार दाबून दाबून त्या झिजतात, त्यांना खाचा पडतात.

"मग त्येच दात. बैल दुसा हाय का चौसा, ते दातावरनं कळतंय. ह्येचं वय रंगावरनं कसं कळंल? आन् जनावर चालताना मागनं बघावं. मागनं फोटू मागीव."

मग आम्ही विक्रेत्याला लिहिलं. पहिल्या पाच फ्रेटचा जवळून फोटो, बुडाकडून शेंड्याकडे मानेच्या रेषेत बघून काढलेला फोटो, आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवलेला व्हिडिओ. माणूस सरळ होता, त्याच रात्री सगळं पाठवलं. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा स्पष्ट दिसत होत्या. मान जराशी पुढं वाकली होती, पण पिळलेली नव्हती. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती ॲलन कीनं, म्हणजे सहा कोनांच्या किल्लीनं, फिरवली की मानेचा वाक निघतो. ती फिरते का विचारलं, तर त्यानं फिरवून दाखवली. हे कानात ठेवा : वाक निघतो, पीळ सहसा निघत नाही. पीळ दिसला तर ती गिटार सोडा.

पोराच्या मनात पंधरा हजार होते. मामांनी खर्च मांडायला लावला. फ्रेट घासून एकसारखे करायला पुण्याला पाठवावी लागणार, नव्या तारा लागणार, वर कुरिअर. सगळं वजा करून ११,५०० उरले. तो आकडा वहीत लिहिला.

बऱ्याच साइटवर आपला सर्वांत मोठा आकडा आधीच टाकून ठेवता येतो. तो इतरांना दिसत नाही. समोरच्यानं बोली वाढवली की साइट आपल्या वतीनं एकेक पायरी चढते, आपल्या आकड्यापर्यंत, त्यापुढं नाही. हे ऐकून मामांचा चेहरा खुलला. "ह्यो तर रुमालाखालचा सौदा झाला!" बाजारात दोघांचे हात रुमालाखाली असतात, भाव बोटांवर ठरतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही.

आम्हीही आपला ११,५०० चा आकडा तसाच टाकून ठेवला. लिलाव संपायची वेळ आली. बोली दहा हजारांच्या पुढं गेली. पोराचं बोट सारखं बटणाकडं जायला लागलं. मामांनी मोबाइल घेतला, देवळीत पालथा ठेवला आणि म्हणाले, "आकडा वहीत हाय. जेवाय बस." जेवणं झाल्यावर बघितलं, तर गिटार ११,७०० ला दुसऱ्याकडं गेलेली. पोरगं हिरमुसलं. मामा हात पुसत म्हणाले, "बाजार पुढच्या आठवड्याला बी भरतोय."

आणि भरलाच की. पुढं एक पांढरी, पिवळट पडलेली, कोपरा उडालेली गिटार आली. तिच्यावर कुणाचा जीव नव्हता. फ्रेट मात्र न झिजलेले, मान सरळ. ती नऊ हजारांत मिळाली आणि आज ते पोरगं उदगीरच्या ऑर्केस्ट्रात तीच वाजवतं.

जाता जाता एक बोलतो. पंचवीस हजारांचा मोबाइल न विचारता घेणारी घरं नऊ हजारांच्या वाद्याला "काय उपयोग" म्हणतात, हे मला फार लागतं. वरातीत डीजे आला आणि क्लॅरिनेट, बँजो वाजवणारे हात रिकामे झाले. घरात एक तरी वाद्य असावं, हे माझं ठाम मत आहे.

असो. राहिलेलं पटकन सांगतो. शेंड्यावरचं कंपनीचं नाव चिकटवलेलंही असू शकतं, म्हणून सिरीयल नंबरचा फोटो मागा. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेकदा ती इलेक्ट्रॉनिक भाग साफ करायच्या स्प्रेनं जाते. पैसे साइटवरूनच द्या, बाहेरून पाठवू नका. पार्सल उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा.

आणि समुद्राकाठची गिटार आपल्याकडं आली की एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मानेचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचतात. विक्रेत्याला बोल लावू नका, जाणकाराकडून बारीक कानशीनं टोकं घासून घ्या. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका, तारा गंजतात. आणि पुन्हा एकदा, मान आधी, रंग नंतर, आकडा वहीत. नमस्कार.