पाऊस पडला, आता गुरं कधी सोडायची?

मंडळी, मृगाचा पाऊस पडून आठवडा झाला की माळ हिरवा दिसायला लागतो आणि आपल्याला धीर निघत नाही. कडब्याची गंज तळाला गेलेली असते, गुरं दाव्याला हिसके देतात. आपण सोडतो. ह्याच पंधरा-वीस दिवसांत माळाचं वर्षभराचं गवत ठरतं, म्हणून आज त्यावरच बोलतो.

पवन्या, मारवेल, डोंगरी ही आपली चांगली गवतं. उन्हाळाभर त्यांची ठोंबं जमिनीत जिवंत असतात. पावसानंतरची पहिली पानं ती मुळात आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नावर काढतात. ती पानं लगेच खाल्ली गेली तर ठोंबाला पुन्हा त्याच साठ्यात हात घालावा लागतो. दरसाल असं झालं की पवन्या हटतो आणि कुसळी पसरते. तिला कुसं आली की गुरं तोंड लावत नाहीत, मेंढ्यांच्या लोकरीतून ती कातड्यात घुसतात. शिवाय ओल्या जमिनीत खूर रुततात, माती दबते आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून वाहून जातं.

तेव्हा गवत वीतभर होऊ द्या. माळाचे चार तुकडे पाडा, काट्याची वई, म्हणजे कुंपण, पुरतं. एका तुकड्यात गवत चार बोटांवर आलं की गुरं पुढच्या तुकड्यात न्या. आपल्याकडे गुरांमागे बहुधा घरातली म्हातारी माणसं असतात. हद्द कुठली हे त्यांना विचारूनच ठरवा. कुठला तुकडा आधी फुटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तोवर गोठ्यात वैरण लागते, हे मला कळतं. म्हणून शेवटचा थोडा कडबा पावसाआधी हात न लावता बाजूला ठेवायचा. पुढे गुरं सोडायला लागलात तरी सकाळी तोच घाला. उपाशी जनावर कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडतं आणि हगवण लागते. शेवरा, घास असा शेंगवर्गीय चारा असला तर पोट फुगतं. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खळगी, वर आलेली दिसते, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते. अशा वेळी जनावर उभं ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. जीभ ओढून घाईनं तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, रानाला मात्र फार जपा. कापणीनंतर पावसानं फुटलेले गुडघ्याखालचे कोंब खाल्ले की किरळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं. जनावर धापा टाकतं, कोसळतं. उपचाराला वेळ मिळेलच असं नाही. कडवळ फुलोऱ्यात येईपर्यंत तिकडे गुरं फिरकू देऊ नका.

घटसर्प आणि फऱ्या ह्या रोगांची लस पावसाआधीच टोचून घ्यायची. राहिली असेल तर उद्याच दवाखान्यात विचारा.

आणि चारातला एक तुकडा ह्या साली बी गळेपर्यंत राखा, विळा त्यानंतर लावा. पुढच्या साली दुसरा तुकडा धरा.