खतामागचा व्यवहार : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

मुंबईत उच्च न्यायालय सुरू झाले ते १८६२ साली, आणि निफाडला जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले माधवराव रानडे बी.ए. झाले तेही त्याच साली. त्या न्यायालयाच्या न्यायासनावर बसायला मात्र त्यांना पुढे ३१ वर्षे लागली, आणि ती बहुतांशी खालच्या कोर्टांत गेली.

१८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या सार्वजनिक सभेतील त्यांचा वावर सरकारला खुपत होता. आधी नाशिक, मग १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत थेट धुळे, अशा बदल्या झाल्या. धुळ्यात तर त्यांची टपाले फोडली जात. आपल्याच न्यायाधीशाची पत्रे चोरून वाचणारे हे सरकार त्याच्याकडून निकाल मात्र बिनदिक्कत लिहवून घेत होते.

त्यांच्या कारकिर्दीचा खरा गाभा १८८७ नंतरच्या काळात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते, म्हणजे कर्जाचे दस्तऐवज, जाळली होती. त्या दंग्यांतून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत या कायद्याखाली चालणाऱ्या कामावर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून रानडे गावोगाव फिरले. कर्जदार कुळाने खतावर अंगठा उठवला म्हणजे प्रश्न मिटला, असे आता धरायचे नव्हते. पहिली रक्कम हातात किती पडली, फेड किती झाली, व्याजाचे मुद्दल कधी झाले, हे सारे पहिल्यापासून उकलून पाहायचे होते.

डोळे अधू असल्याने त्यांना बरेचसे वाचन इतरांकडून करवून घ्यावे लागे आणि घरी पत्नी रमाबाई वाचून दाखवीत. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे नमून १८७३ मध्ये या अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, हा ठपका त्यांच्यावर कायम राहिला आणि तो अनाठायी नव्हता. पण तिला लिहायला-वाचायला त्यांनी स्वतःच शिकवले.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अवघ्या ४३ व्या वर्षी गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागी रानड्यांची नेमणूक झाली. उच्च न्यायालयात त्यांना जेमतेम सात वर्षे मिळाली. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना ५९ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते.