सुतक कुणाला, सही कुणाची?

मघाशी माझी ओळख करून देताना काकांनी ‘स्त्री गुप्तहेरांच्या रहस्यकथा’ एवढंच सांगितलं आणि मधला एक शब्द खोकल्यात घालवला. तो मीच सांगून टाकते: लेस्बियन. लेस्बियन गुप्तहेरांच्या रहस्यकथांवर मी बोलणार आहे. झालं, आता काकाही मोकळे आणि मीही.

मी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेली. फोंड्याच्या घरी वसरीवर बसून अभ्यासाच्या पुस्तकाआड त्या कथा वाचल्या. तपास करायचा तो पुरुषानं, हे तेव्हा खटकलंही नाही. या दुसऱ्या पुस्तकांकडे मी फार उशिरा पोचले. त्यातली पहिली म्हणून एम. एफ. बील यांच्या १९७७ च्या ‘एंजल डान्स’चं नाव घेतात. १९८४ मध्ये अमेरिकेतच कॅथरीन फॉरेस्ट आणि बार्बरा विल्सन यांनी आपापल्या नायिका उभ्या केल्या. १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या व्हॅल मॅकडर्मिड यांची पत्रकार नायिका लिंडसे गॉर्डन आली. सुरुवातीची यातली बरीच पुस्तकं बायकांनीच चालवलेल्या छोट्या प्रकाशनसंस्थांनी काढली. सगळीच चांगली आहेत असं नाही. काहींत खून तिसऱ्या पानावर होतो आणि मग शंभर पानं चळवळीच्या बैठकाच चालतात!

मला थांबायचंय ते फॉरेस्टच्या केट डेलाफिल्डपाशी. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातली ही डिटेक्टिव्ह, व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून जाऊन आलेली. पहिल्या कादंबरीत ती एका कचेरीतल्या खुनाचा तपास करतेय. तिची जोडीदार, अ‍ॅन, गाडीच्या अपघातात गेलीय. बारा वर्षांचं सहजीवन होतं. पण खात्यात ते कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे केट कामावर येते, साक्षीदारांशी अदबीनं बोलते, जबाब लिहून घेते. आपल्याकडे माणूस गेलं की दारात चपलांचा ढीग पडतो, शेजारून पेज येते. केटला सुतकच नाही. दुःख आहे, पण ते धरायला लागणारं नातं कागदावर नाही.

पुढच्या एका कादंबरीत बायकांच्या बारबाहेर एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून होतो. आतल्या बायका पोलिसांपुढे तोंड उघडत नाहीत. पोलीस म्हणजे काय हे त्यांनी भोगलेलं असतं. त्यांचं गप्प राहणं केटला आतून कळतं, कारण ती स्वतःही तशीच गप्प आहे. आणि तरी बिल्ला लावून त्यांच्यासमोर तीच उभी! खुनी कोण ते सांगत नाही, पण माझ्या मते त्या पुस्तकातलं खरं कोडं हे आहे.

हे आपल्या मातीत आणून बघा. गोव्यातले किती खटले शेवटी घर, भाट म्हणजे बागायत, आणि सही यांच्यापाशी येऊन थांबतात! पोर्तुगीज काळापासूनच्या आपल्या कायद्यात, वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाच्या बायकोचा अर्धा वाटा, आणि तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. आता कल्पना करा, डिचोलीकडे एका घरात दोघी वीस वर्षं राहताहेत. गाव म्हणतं, मैत्रिणी. त्यातली एक मरते, संशयास्पद. मृत्युपत्र नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयानं अशा नात्यातला गुन्हा काढून टाकला, पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लग्नाची मान्यता काही दिली नाही. त्यामुळे दुसरीची सही कशालाच लागत नाही. लाभ कुणाला, हा तपासाचा पहिला प्रश्न. हवालदार भावाला विचारील, पुतण्याला विचारील, कुळाला विचारील. हिला पाणी आणायला सांगेल.

माझी गुप्तहेर आधी हिच्यापाशी बसेल. मग दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाशी उभी राहून पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघेल. सायकलचा भोंपू वाजवत येणाऱ्या त्या माणसाला घराघरातली माणसं पावाच्या उंड्यांवरून ठाऊक असतात. या घरी रोज चार उंडे. बाई गेली त्याच्या आठ दिवस आधीपासून दोनच.

‘हे पोलिसांना सांगितलंस?’

पोदेर पाटीवरचं प्लास्टिक सारखं करतो.

‘म्हाका कोणेंय विचारूंक ना, बाय.’