इथे सेकंड माल नसतो

नमस्कार श्रोतेहो.

माझे वडील आयुष्यभर यंत्रमागावर. टॉवेल हातात आला की आधी उजेडाकडे धरायचे, मग त्यावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "इथं बाणा चुकलाय." तो नग सेकंडात जायचा आणि थोडा स्वस्त विकला जायचा. सोलापुरात हे कुणाला नवीन नाही. माझं पोट मात्र भरलं ते हाय व्होल्टेज केबलवर, आणि तिथे सेकंड माल नसतो. त्याचीच आज गोष्ट.

सोलापूरला 765 केव्हीचं, म्हणजे 765 हजार व्होल्टचं उपकेंद्र आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाच्या ग्रिडशी एका तालात जोडलं गेलं. त्या लाइनच्या तारा चक्क उघड्या आहेत. मनोऱ्याची उंची आणि भोवतालची हवा, हेच त्यांचं इन्सुलेशन. वस्तीतून जमिनीखालून वीज न्यायची तर एवढी हवा आणायची कुठून? 33 केव्हीच्या केबलमध्ये ते सगळं काम 8.8 मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकवर येतं. 33 केव्ही हा दोन फेजमधला विजेचा दाब; आतल्या गाभ्यापासून जमिनीपर्यंतचा 19 हजार व्होल्ट. म्हणजे एकेका मिलिमीटरवर दोन हजारांहून जास्त. आपल्या घरात असतात 230.

सुरुवातीचं काम बघितलं तर मागवाल्याला घरचंच वाटेल. बॉबिनी फिरतात, तारांना पीळ बसतो. मधे एक तार, तिच्याभोवती 6, मग 12, 18, 24, अशा 61 तारा. प्रत्येक थराचा पीळ उलट दिशेला, नाहीतर दोर उसवेल. खरी कसोटी पुढे, एक्सट्रूडरवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून तारेवर चढवणाऱ्या यंत्रावर. तिथे एकाच तोंडातून तीन थर एकदम चढतात: आत कार्बन घातलेला काळा, मधे दुधी इन्सुलेशन, बाहेर पुन्हा काळा. आतला काळा थर कशाला? पिळाच्या खाचाखोचांवर विजेचा ताण एकवटतो. तो थर खाचा बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करतो.

दुधी थर पॉलिथिनचा, म्हणजे आपल्या पिशवीचाच भाऊबंद. पण त्यात पेरॉक्साइड असतं. नायट्रोजनच्या दाबाखालच्या लांबलचक तापत्या नळीतून केबल जाते तेव्हा पॉलिथिनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जखडतात. असं झालेलं पॉलिथिन 90 अंशांवर वर्षानुवर्षं काम करतं, शॉर्ट सर्किटमध्ये काही क्षण 250 अंशही सोसतं. पूर्वी नळीत वाफ सोडत. वाफेचं पाणी इन्सुलेशनमध्ये बारीक पोकळ्या करून जायचं, म्हणून नायट्रोजन आला.

आपल्याकडे केबलचे हाल आणखी वेगळे. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, भेगांत हवा शिरते आणि केबलची उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. तेवढा करंट मग कमी सोडावा लागतो. म्हणून चरात केबलभोवती वाळू भरतात. वाळू वाचवणारे ठेकेदार मी पाहिलेत, जाऊ द्या.

एका रात्री कारखान्यात केबल बनवायची लाइन चालू असताना वीज गेली. नळीतली केबल जागच्या जागी शिजत राहिली, मऊ इन्सुलेशन खाली ओघळलं, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. एक्सट्रूडरमधला माल घट्ट बसला, स्क्रू बाहेर ओढून खरवडावा लागला. तेवढी लांबी सरळ भंगारात.

दिसेल असा दोष परवडतो. न दिसणाऱ्यासाठी चकती कापून गरम सिलिकॉन तेलात बुडवतात. दुधी थर काचेसारखा पारदर्शक होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोकळी, कचरा दिसू लागतो. पुढे धातूच्या बंद खोलीत ड्रमवरच्या अख्ख्या केबलला विजेचा दाब देऊन पीडी, म्हणजे पार्शल डिस्चार्ज टेस्ट होते. आत कुठे पोकळी असली तर तिथे इवल्या ठिणग्या उडतात. त्यांतला विद्युतभार मोजायचं एकक पिकोकूलंब, म्हणजे एका कूलंबचा लाख कोटीवा भाग. बाहेरच्या वेल्डिंगमधली विजेची खरखरही त्या यंत्राला खपत नाही.

अशा टेस्टमध्ये नापास झालेल्या केबलची एक चकती मी घरी नेली. वडिलांनी चष्मा लावला, चकती खिडकीच्या उजेडाकडे धरली. कडेनं अंगठा फिरवला. उलटून पुन्हा फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "अरे, चांगला माल टाकलात की रे!"