पोट्टी चांगली पयते, पण इंग्रजीत कशी?

(वरूड तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांपुढं झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मागं भिंतीला टेकलेल्या पोट्ट्यांनो, पुढं सरका. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा चालू असताना घरच्यांनी तुम्हाला इकडं सोडलं, म्हणजे तासाभरात काहीतरी हाती लागलं पाहिजे.

आधी आपल्या अंगणातली दोन वाक्यं घेऊ. 'पोट्टा चांगला पयते.' 'पोट्टी चांगली पयते.' पुस्तकात 'तो पळतो, ती पळते' असतं. आपल्या वऱ्हाडीत दोघंही 'पयते'च. क्रियापदानं लिंगाचा नाद सोडला. पण 'चांगला' काही सोडायला तयार नाही; पोट्टी आली की त्याची लगेच 'चांगली' होते. आता मला सांगा, ही 'चांगली' पोट्टीबद्दल बोलते की तिच्या पळण्याबद्दल?

पळण्याबद्दल! पोट्टी घरात कितीही भांडखोर असो, तिचं पळणं चांगलं आहे. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, अंगावर कपडे मात्र विशेषणाचे. शाळेत आपण 'क्रियाविशेषण अव्यय' असं घोकतो, अव्यय म्हणजे न बदलणारं, आणि घरी येऊन दिवसभर बदलणारं वापरतो. ही सवय घेऊनच आपण इंग्रजीत शिरतो आणि बिनधास्त लिहितो, 'शी रन्स गुड'.

तिथं दोन कामांना दोन वेगळे गडी आहेत. 'शी इज अ गुड रनर' यात 'गुड' रनरला, म्हणजे नामाला चिकटला. 'शी रन्स वेल' यात 'वेल' क्रियापदाला. अमेरिकेत बोलताना लोक सर्रास 'गुड' म्हणून मोकळे होतात, पण तुमचा पेपर तपासणारा मोकळा होणार नाही. आणि क्रियाविशेषण नुसतं क्रियापदालाच धरून नसतं बरं का. 'लय गोड संत्रा' म्हणताना 'लय' हा गोडीचं माप सांगतो. इंग्रजीतला 'व्हेरी' तोच.

मग तुम्ही म्हणाल, सर, शेवटी 'ली' लावला की झालं. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली. बहुतेक वेळा होतं. पण 'फ्रेंडली' विशेषण आहे, 'लव्हली'ही विशेषणच. याचं मूळ मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे शरीर, रूप. नामाला तो जोडला की 'त्याच्यासारखा' असं विशेषण व्हायचं. फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा. त्यावर आणखी एक 'ए' लागला की क्रियाविशेषण. पुढं शेवटचे उच्चार झिजले आणि दोन्हींचा 'ली' एकच झाला. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांनाही क्रियाविशेषण होताना असाच 'ए' असायचा, तो गळाला. म्हणून आज ते दोन्हीकडं जसेच्या तसे चालतात, आणि 'फास्टली' हा शब्द चालत नाही.

'हार्ड'वरून माझीच गोष्ट. आठवीत वडिलांवर निबंध होता. आमचा बाप पहाटे मोटर लावायला निघायचा तो अंधार पडल्यावर परत यायचा. मी लिहिलं, 'माय फादर वर्क्स हार्डली इन द फील्ड'. 'ली' लावल्याचा मला केवढा अभिमान! मास्तरांनी खाली लाल शाईनं 'गुड' लिहून दिलं, आणि मी ती वही बापाला दाखवली. स्वतः शिकवायला लागलो तेव्हा कळलं, 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. बाप वावरात कामच करत नाही, असं मी त्याच्याच हातात लिहून दिलं होतं. 'लेट' आणि 'लेटली'चंही तसंच; एसटी उशिरा आली तर 'लेट', 'लेटली' म्हणजे अलीकडं.

आता शेवटचं, इथं हुशार पोट्टेही फसतात. व्यापारी बगीच्यात येतो, एक फळ सोलतो, एक फोड तोंडात टाकून डोळे बारीक करतो. 'ही टेस्ट्स द ऑरेंज केअरफुली.' चाखणं ही त्याची क्रिया, ती कशी केली ते 'केअरफुली' सांगतो. पण 'द ऑरेंज टेस्ट्स...' इथं संत्रा काही चाखत नाही, तो बापडा नुसता आहे. 'टेस्ट्स' काढून तिथं 'इज' ठेवून बघा, वाक्य उभं राहतं. मग फळाचाच गुण सांगायचा, म्हणजे विशेषण. लुक, स्मेल, फील यांनाही हीच युक्ती लावा.

त्या टोपल्यात संत्रे आहेत. एकेक घ्या, चाखा आणि वाक्य पूर्ण करा. 'स्वीटली' म्हणणाऱ्याला दुसरा मिळणार नाही.