बोलावणं आल्याशिवाय पासपोर्ट निघत नाही

सुरुवातीलाच एक काम देतो तुम्हाला. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी हात वर करा बरं. हां, बरेच आहेत. आता ज्यांच्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का पडलेला नाही त्यांनी हात तसाच ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. हसू नका, बघा आजूबाजूला, किती हात अजून वर आहेत ते! म्हणजे पासपोर्ट असणं वेगळं आणि परदेशात जाणं वेगळं हे मला सांगावंच लागलं नाही, तुम्हीच दाखवलंत.

काही जण कायम विमानतळावर दिसतात आणि काही जण जन्मात देशाबाहेर पाऊल टाकत नाहीत, असं का, असं विचारलं की लोक पटकन दोन उत्तरं देतात, एक पैसा आणि दुसरं हौस. पैसा लागतो, नाकारतच नाही. पण पैसा असून कधीच न गेलेले भरपूर लोक मी बघितलेत, आणि कर्ज काढून, दागिने गहाण टाकून गेलेले त्याहून जास्त. आणि हौसेचं म्हणाल तर हौस सगळ्यांनाच असते हो, फोटो बघून "कधीतरी जायचंय" म्हणायला काय लागतं. पण त्या "कधीतरी"साठी उठून कोणी फॉर्म भरत नाही. फॉर्म कधी भरला जातो? तिकडून कोणीतरी बोलावतं तेव्हा. नोकरी बोलावते, कॉलेज बोलावतं, पोटची मुलगी बोलावते, नाहीतर देव बोलावतो. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे की पासपोर्ट हौसेने नाही निघत, बोलावण्याने निघतो.

माझ्या मावशीचंच सांगतो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला तिने, कारण मुलीचं बाळंतपण तिकडे होतं. तोपर्यंत परदेश हा विषयच नव्हता तिच्या डोक्यात. आता जन्माचा दाखला नाही, शाळेच्या कागदावर एक तारीख, दुसऱ्या ओळखपत्रावर वेगळी तारीख, लग्नाआधीचं नाव एक आणि नंतरचं दुसरं. तीन महिने आम्ही नुसतं "ही तीच बाई आहे" हे सिद्ध करत होतो. आणि मग बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली तर मशीन घेईचना! बोट ठेवलं की लाल दिवा. पुसून ठेवा, दाबून ठेवा, हे बोट नको ते ठेवा. चाळीस वर्षं भांडी घासून, कपडे धुवून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या, अंगठा तर नुसता गुळगुळीत. काउंटरवरचा मुलगा वैतागला आणि मावशी त्याची समजूत काढतेय, "अरे बाळा, हात माझेच आहेत." शेवटी डाव्या हाताची दोन बोटं लागली एकदाची. ज्यांनी सगळ्यात जास्त हातांनी काम केलंय त्यांचेच हात मशीनला ओळखू येत नाहीत, ही गंमत माझ्या तेव्हापासून डोक्यात बसलीये.

आणि मावशी तशी नशीबवानच म्हणायची, तिच्याकडे निदान कागद होते, चुकीचे का होईना. पासपोर्ट हा कागदांच्या जिन्यावरचा शेवटचा कागद आहे, आणि पहिली पायरी म्हणजे जन्माची नोंद. युनिसेफचा आकडा आहे, जगात ५ वर्षांखालच्या साधारण १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. म्हणजे ही मुलं उद्या मोठी होऊन कुठे जाणार न जाणार ही चर्चा नंतरची, सरकारी कागदावर त्यांचा जन्मच झालेला नाहीये अजून.

आता पासपोर्ट ही वस्तू जरा नीट बघू. आज आपल्याला वाटतं की हे पुस्तक अनादी काळापासून आहे. राजाची पत्रं वगैरे जुनी आहेत, पण सामान्य माणसाला सीमेवर फोटोवालं पुस्तक दाखवायला लावणं हे पहिल्या महायुद्धापासूनचं. १९१४ च्या आधी युरोपात बहुतेक ठिकाणी लोक पासपोर्टशिवाय या देशातून त्या देशात जात होते. युद्ध आलं, हेरांची भीती आली, कडक नियम आले, आणि युद्ध संपल्यावर ते जातील असं लोकांना वाटत होतं. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सने, पॅरिसला परिषद घेतली, तिथेही सूर असा की पूर्वीची मोकळीक हळूहळू परत आणायची, तोपर्यंत निदान सगळ्यांचं पुस्तक एकसारखं असू दे. म्हणून ३२ पानांचं पुस्तक ठरलं. मोकळीक काही आली नाही, पुस्तक मात्र राहिलं. तात्पुरत्या सोयी अशाच कायमच्या होतात, घरात काय आणि जगात काय.

फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात बघा, अगम्य अक्षरांच्या, मध्ये मध्ये कोनासारख्या खुणा. आपण कधी वाचत नाही त्या, कारण त्या आपल्यासाठी नसतातच, मशीनसाठी असतात. प्रत्येक ओळीत बरोब्बर ४४ जागा, त्यातल्या पहिल्या ओळीत नावाला ३९. तुमचं नाव त्याहून लांब असेल तर कापलं जातं. जगभर हा एकच साचा, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये ठरवलेला.

पण पुस्तक सारखं म्हणून वजन सारखं नाही ना. सिंगापूरच्या पासपोर्टवर आधी व्हिसा न काढता १९० पेक्षा जास्त ठिकाणी जाता येतं आणि अफगाणिस्तानच्या पासपोर्टवर ३० सुद्धा नाहीत. हे का, हे समजून घ्यायचं तर पासपोर्टच्या आतला मजकूर वाचा. बऱ्याच देशांच्या पासपोर्टात लिहिलेलं असतं की या माणसाला अडथळा न आणता जाऊ द्यावं, अशी विनंती आहे. विनंती! हक्क नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १३ आहे, त्यात कुठलाही देश सोडायचा हक्क दिलाय आणि स्वतःच्या देशात परत यायचा हक्क दिलाय. दुसऱ्याच्या देशात शिरायचा हक्क कुठेच नाही. म्हणजे बाहेर पडायला दार आहे, पण समोरच्याने दार उघडायलाच पाहिजे असं काही नाही. समोरच्याच्या दृष्टीने तुमच्या पासपोर्टचा खरा उपयोग एकच, हा माणूस नको झाला तर कोणाकडे परत पाठवायचा त्याचा पत्ता.

म्हणून व्हिसाच्या खिडकीवर शंभर प्रश्न विचारले तरी आत प्रश्न एकच असतो, परत येणार का? पगाराची स्लिप दाखवा, घराचे कागद दाखवा, लग्न झालंय का, मुलं कुठेयत, बँकेत किती आहेत. ज्याला इकडे बांधून ठेवणारं खूप काही आहे त्याला आनंदाने सोडतात आणि ज्याच्याकडे काहीच नाही, ज्याला खरंच जायची गरज आहे, त्याला नाही म्हणतात. आणि नाही म्हटलं तरी भरलेली फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही हो, तो वेगळाच राग. एकदा नकाराचा शिक्का बसला की पुढच्या बऱ्याच फॉर्मवर "पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला का" तिथे हो लिहावं लागतं. लोक मग पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

भूगोलाची पण एक बाजू आहे, ती आपण विसरतो. लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं रोज शेजारच्या देशातून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात, त्यांच्यासाठी परदेश म्हणजे ऑफिस. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर बार्ले नावाचं गाव आहे, तिथे बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या जमिनीत विखुरलेत आणि काही घरांच्या मधूनच सीमा जाते. मग घर कुठल्या देशाचं? तर मुख्य दार ज्या देशात उघडतं त्या देशाचं. तिथला माणूस पाणी प्यायला उठला की परदेशात. आणि दुसरीकडे मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला निघा, ९,२८९ किलोमीटर, रेल्वेत जवळजवळ एक आठवडा, आणि उतरलात तरी त्याच देशात! मग यातला कोण जास्त फिरलेला?

अमेरिकन लोकांकडे पासपोर्टच नसतात असं टोमणा मारून म्हणायची पद्धत होती. १९८९ ला तिथे चालू पासपोर्ट होते ७० लाखांच्या आसपास, आता १६ कोटींहून जास्त आहेत. एवढं कुतूहल अचानक वाढलं का? वाढलंही असेल थोडं, विमानं स्वस्त झाली, पण एक मोठं कारण असं की आधी कॅनडा, मेक्सिकोला जाऊन परत यायला त्यांना पासपोर्ट लागतच नव्हता. २००७ पासून विमानाने येताना लागायला लागला, २००९ पासून रस्त्याने आणि समुद्राने येतानाही पासपोर्ट किंवा तशाच एखाद्या कार्डाचा नियम आला. माणसं तीच, शेजार तोच, नियम बदलला आणि लोक फॉर्म भरायला बसले.

देवाचं बोलावणं म्हटलं मी मघाशी, ते गमतीत नव्हतं. हजला जाणाऱ्या कितीतरी लोकांचा तो आयुष्यातला पहिला आणि शेवटचा परदेश प्रवास असतो. तिथे कोटा आहे, दर दहा लाख मुस्लिम लोकसंख्येमागे हजार जण, आणि इंडोनेशियासारख्या देशात नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात, काही भागांत तर दशकं. तरुणपणी नाव घालतात आणि म्हातारपणी नंबर लागतो. याला हौस म्हणणार का कोणी?

आणि कधी कधी बोलावणं असतं, कागद असतो, पैसा असतो, पण आपलंच सरकार सोडत नाही. पॉल रॉबसन, केवढा मोठा गायक, अमेरिकेने १९५० मध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत. तर १९५७ मध्ये लंडनमध्ये लोक हॉलमध्ये जमले आणि हा न्यूयॉर्कहून समुद्राखालच्या टेलिफोन केबलवरून गायला. माणूस नाही गेला, आवाज गेला! पूर्व जर्मनीत बर्लिनची भिंत होती, तरुणांना बाहेर जायची सोय जवळपास नव्हतीच, पण १९६४ पासून पेन्शनरांना पश्चिमेकडच्या नातेवाईकांना भेटायला सोडायला लागले. का? तर तो म्हातारा तिकडेच राहिला तरी यांचं काय नुकसान, उलट पेन्शन वाचली. बायकांचं तर विचारूच नका, कितीतरी देशांत बायकोचं नाव नवऱ्याच्या पासपोर्टवर लिहिलेलं असायचं, सामानाच्या यादीत लिहावं तसं, म्हणजे तो एकटा जाऊ शकतो, ती नाही. सौदी अरेबियात २१ वर्षांवरच्या बाईला पुरुष पालकाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळायला लागला तो २०१९ मध्ये. फार लांबची गोष्ट नाहीये ही.

"आजकाल सगळेच परदेशात जातात" हे वाक्य ऐकलं की मला हा आकडा सांगावासा वाटतो. २०१९ मध्ये पर्यटकांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या १४६ कोटींच्या आसपास झाल्या. ऐकून वाटतं, बापरे, जगातला दर पाचवा माणूस! पण त्या फेऱ्या आहेत, माणसं नाहीत, एकच साहेब वर्षात बारा वेळा गेला तर बारा मोजले जातात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंदाज होता की २०१८ मध्ये जगातल्या ११ टक्के लोकांनी विमान प्रवास केला आणि दुसऱ्या देशात विमानाने गेलेले जास्तीत जास्त ४ टक्के. म्हणजे न जाणारा माणूस हा अपवाद नाहीच, तोच नेहमीचा माणूस आहे. सोशल मीडियावर फोटो जाणाऱ्यांचे येतात म्हणून आपल्याला उलटं दिसतं.

शिवाय न गेलेला म्हणजे अडाणी, हेही मला पटत नाही. कांट, तत्त्वज्ञ कांट, पूर्व प्रशिया या आपल्या जर्मन प्रांताच्या बाहेर कधी गेला नाही आणि तिथल्या विद्यापीठात चाळीसेक वर्षं भूगोल शिकवत होता! किस्सा सांगतात की त्याने एकदा लंडनच्या पुलाचं वर्णन इतकं बारकाईने केलं की ऐकणाऱ्या इंग्रजाने विचारलं, तुम्ही तिकडे किती वर्षं होतात? आणि उलट सतरा देश फिरून आलेले लोक भेटतात आपल्याला, हॉटेलच्या नाश्त्यापलीकडे काही सांगता येत नाही त्यांना.

हं, मागून कोणीतरी विचारतंय की इंग्लंडच्या राजाला पासपोर्ट लागतो का. नाही लागत. तिथले पासपोर्ट त्याच्याच नावाने निघतात, स्वतःच स्वतःची विनंती कशी करणार! एलिझाबेथ राणी शंभराहून जास्त देशांत जाऊन आली, पासपोर्टशिवाय. पण बोलावणं तिलाही लागायचंच की, यजमान देशाच्या आमंत्रणावर दौरा ठरायचा.

वेळ झालीये, संयोजक घड्याळ दाखवतायत. मावशीचं राहिलं सांगायचं. ती तिकडे पाच महिने राहिली, नातीला न्हाऊमाखू घातलं, आली, त्यानंतर पुन्हा कुठे गेली नाही. पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत. परवा मी काढून बघितला तर मुदत संपायला चार महिने राहिलेत, आणि बरेच देश सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर आत घेत नाहीत. नात आता शाळेत जाते, तिच्या सुट्टीच्या तारखा विचारून झाल्यात म्हणे. तेव्हा मी सोमवारी पुन्हा त्या बोटांच्या मशीनसमोर उभा आहे. तुम्हीही घरी गेलात की तारीख बघून घ्या.