हट्टी मास्टर: जेरार द रिदफोर आणि टेम्पलरांचं 1187

टेम्पलर म्हणजे क्रूसेडच्या काळातला, धर्मशपथ घेतलेल्या ख्रिश्चन योद्ध्यांचा संघ. त्याचा मास्टर, म्हणजे प्रमुख, निवडताना दोन माणसांपासून सुरुवात होई. दोघांनी आणखी दोघांना घ्यायचं, त्या चौघांनी पुन्हा दोघांना, असं करत बारा जण. आठ नाइट, चार सार्जंट (नाइटहून खालच्या दर्जाचे बंधू), शक्यतो वेगवेगळ्या देशांचे. तेरावा धर्मगुरू. हे तेरा जण ज्याला निवडतील, तो तहहयात मास्टर.

त्याच्यावर बंधनंही होती. तिजोरीची किल्ली त्याने स्वतःजवळ ठेवायची नाही. जमीन देणं, युद्ध पुकारणं, तह करणं, हे सगळं बंधूंच्या, म्हणजे संघाच्या सदस्यांच्या, सभेला विचारून. पण एकदा रणांगणावर उतरल्यावर त्याची आज्ञा मोडायची कुणालाच मुभा नव्हती. आणि चुकीचा माणूस निवडला गेला तर त्याला हटवायचं कसं? त्याची सोपी वाट नियमांत नव्हती.

1185 च्या सुमारास या जागेवर जेरार द रिदफोर आला. मूळचा फ्लँडर्सकडचा. पूर्वी ट्रिपोलीचा काउंट रेमंड याच्या चाकरीत होता. एका वारसदार मुलीशी लग्न लावून देण्याचं वचन रेमंडने दिलं, आणि मुलगी दिली पिसाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याला. इतिवृत्तकार सांगतात, व्यापाऱ्याने तिच्या वजनाइतकं सोनं मोजलं. सोन्याची गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. जेरारचा दंश मात्र खरा होता.

1186 मध्ये जेरुसलेमच्या ख्रिश्चन राज्याचा बालराजा पाचवा बाल्डविन वारला. रेमंडला डावलून बाल्डविनची आई सिबिला आणि तिचा नवरा गी यांना गादीवर बसवण्यात जेरार पुढे होता. राजमुकुटाच्या पेटीला तीन किल्ल्या होत्या. त्यांतली एक हॉस्पिटलर या दुसऱ्या योद्धा-संघाचा मास्टर रॉजर द मूलँ याच्याकडे. तो देईना, शेवटी वैतागून त्याने ती फेकून दिली.

आता नकाशात नाझरेथजवळचं क्रेसन पाहा. 1 मे 1187. मुस्लिम सुलतान सलादिन याच्या मुलाच्या फौजेला गॅलिलीतून, म्हणजे रेमंडच्या ताब्यातल्या मुलखातून, सूर्योदय ते सूर्यास्त जाऊ देण्याचं रेमंडने कबूल केलं होतं, आणि तशी आगाऊ खबरही सगळीकडे पाठवली होती. तरी जेरारने जवळच्या गढ्यांतून टेम्पलर बोलावले. दहा हॉस्पिटलर आणि नाझरेथचे काही राजाचे नाइट धरून घोडेस्वार दीडशेच्या आत. समोर कित्येक हजार. रॉजर म्हणाला, मागे फिरू. जेरारने त्याचं ऐकलं नाही, उलट माघारीची भाषा करणाऱ्या स्वतःच्याच एका सरदाराला भित्रा म्हणून टोमणा मारला. पायदळाला मागे टाकून घोडेस्वार सुटले. जड घोडदळाचा पहिला धडाका जबरदस्त असतो, पण तो वाया गेला की स्वारांना परत जमायला पायदळाची भिंत लागते. इथे ती नव्हतीच. रॉजर मारला गेला. टेम्पलरांचे साठ बंधू पडले. जेरार जखमी होऊन निसटला.

माणसं कमी पडल्यावर त्याने इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने जेरुसलेममध्ये ठेवलेली रक्कम काढली आणि भाडोत्री सैनिक उभे केले. पैसा संघाचा नव्हता, नुसती ठेव होती. तिजोरीवरचं बंधनही इथे कुचकामी ठरलं.

2 जुलै. सफूरियाच्या झऱ्यांजवळ राज्याचं सगळं सैन्य. सलादिनने गॅलिलीतल्या तिबेरियास शहराला वेढा घातलेला, आणि आत रेमंडची स्वतःची बायको. तरीही रेमंड म्हणाला, पाणी सोडून हलू नका. सभेने मानलं. रात्री जेरार राजाच्या तंबूत एकटा गेला. ज्याच्यामुळे मुकुट मिळाला आणि ज्याने काढून दिलेल्या पैशावर भाडोत्री सैनिक उभे होते, त्याला गी नाही म्हणू शकला नाही. पहाटे कूच झालं. वाटेत तुरानचा झरा मागे सुटला, रात्र तहानेत गेली, आणि 4 जुलैला हत्तीनच्या टेकड्यांखाली सैन्य संपलं.

पकडलेले टेम्पलर आणि हॉस्पिटलर सलादिनने आपल्याच सैनिकांकडून विकत घेऊन ठार केले. माणशी 50 दिनार मोजले. टेम्पलरांचा अधिकारी तेरिकस याने पत्रात आपल्या संघाच्या बंधूंचा आकडा 230 दिला आहे. जेरारला मात्र जिवंत ठेवलं, कारण तो उपयोगाचा होता. त्याच्या हुकमाने गाझातल्या टेम्पलरांनी किल्ला सोडला आणि बदल्यात त्याची सुटका झाली. आज्ञापालनाची शिस्त शत्रूच्याच कामी आली.

असा तो पहिलाच नव्हता. 1153 मध्ये वेढा घातलेल्या अस्कलोन शहराच्या तटाला भगदाड पडताच मास्टर बेर्नार द त्रेमले सुमारे चाळीस नाइट घेऊन आत घुसला आणि सगळे मारले गेले. 1179 मध्ये मास्टर ओदो द सेंतामां मर्ज अय्यूनच्या लढाईत पकडला जाऊन कैदेत वारला.

जेरार सुटल्यावर पुन्हा मास्टरच राहिला. 4 ऑक्टोबर 1189 ला अक्काच्या वेढ्यात तो मेला. पुढची निवड थेट 1191 मध्ये झाली. निवडलेला रोबेर द साब्ले हा इंग्लंडच्या रिचर्ड राजाच्या आरमाराचा एक अधिकारी होता, आणि संघात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.